सीटखालचा निळा दिवा

दिराने जीप घेतली ती केनवड ते मालेगाव सवाऱ्या मारायला. वर्षभरात मागचं बाक निघालं, तिथे दोन मोठे स्पीकर बसले आणि पुढच्या सीटखाली अॅम्प्लिफायर. सवाऱ्या कमी झाल्या, लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेवाचा परण्या निघतो. त्याला वाजतगाजत मारुतीच्या पारावर नेतात. पोरं नाचतात म्हणून जीप पुढे सरकते कमी, उभी राहते जास्त. उभ्या गाडीत डिझेल कशाला जाळायचं, असं म्हणून दिराने रिसोडच्या फिटरकडून अॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीला जोडून घेतली. किल्ली खिशात, इंजिन बंद, गाणी चालू. याला तो हुशारी म्हणायचा.

मला गाडीतलं काही कळत नाही, असं घरात सगळे धरून चालतात. मळ्यातल्या मोटरचा स्टार्टर बिघडला की मात्र मलाच हाक येते. गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला जीपचे हेडलाइट मंद होताना मी पाहिले होते. दिराला सांगितलं, या बॅटरीला एवढा भार झेपणार नाही, दुसरी टाक आणि मध्ये बटण बसव. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "वैनीले आता गॅरेजच टाकून द्या लागते." नवराही हसला.

मुलीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा वाशिमला होती. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिने अभ्यास केला होता. घरात ठरलेलं होतं की यंदा नंबर लागला तर शिकेल, नाहीतर पाहुणे बघायचे. हे सासऱ्यांनी ठरवलं आणि नवऱ्याने मान डोलावली. पहिल्या एसटीने गेलं तर वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून दिराने जीपने सोडायचं कबूल केलं.

आदल्या दिवशी गावात परण्या होता. अर्थात जीप तिथेच.

सकाळी मुलगी वेणी घालून, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तयार होती. दिराने किल्ली फिरवली. टक् एवढाच आवाज आला. मी वाकून सीटखाली पाहिलं. अॅम्प्लिफायरचा निळा दिवा अजून लागलेला होता, तोही विझत आलेला.

"आवाज तं मी पूरा बंद केला होता, वैनी."

"आवाज बंद केला. करंट कोणं बंद कराचा?"

नवरा मोटारसायकलवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, लादून पहाटेच रिसोडच्या बाजाराला गेला होता. आम्ही जीप ढकलली, मुलीनेही ढकलली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, वायरी लावल्या आणि जीप सुरू झाली. मुलीबरोबर मीही बसले. दिराने वाशिमपर्यंत गाडी कुठेच थांबवली नाही.

वाशिमला केंद्राचं फाटक लागलेलं होतं. मुलीने गजांतून हॉल तिकीट दाखवलं. आतला माणूस उर्मट नव्हता. वेळ झाल्यावर उघडता येत नाही, एवढंच त्याने दोनदा सांगितलं. आत पोरी रांगेने वर्गात जाताना दिसत होत्या.

परत येताना दिराचा हात सवयीने गाण्याच्या बटणाकडे गेला.

"काका, राहू द्या," मुलगी म्हणाली.

घरी सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. नशिबाने वायर जोडली नव्हती, असं मी म्हटलं, तर सासरे ताटावरून उठले. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू, असंही मी म्हटलं. तोवर पाहुणे येऊन गेले होते.

लग्न आमच्या दारात झालं. जावयाच्या परण्याला जीप दिराचीच. तो मुद्दाम मला बोलवायला आला आणि बॉनेट उघडून दाखवलं. आत नवी, दुसरी बॅटरी होती, शेजारी लाल बटण.

"पाहा वैनी, तुमी सांगतलं होतं न, तसंच केलं."

लेकीच्या लग्नात काका मागे राहायला नको, म्हणून केलं होतं. मी बघितलं. जोडणी चांगली होती, तसं मी त्याला सांगितलं.

दुपारभर गाणी वाजली, दिवे एकदाही मंद झाले नाहीत. संध्याकाळी मुलीच्या पेट्या त्याच जीपमध्ये चढवल्या. पहिल्याच किल्लीला ती सुरू झाली.