तुळशीच्या लग्नावरचा ठिपका

पोस्टकार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नव्हते. मजकूर वाचण्याआधीच कोणीतरी गेले हे कळले. पिंपळगाव राजाहून धाकट्या भावाने तीन ओळी लिहिल्या होत्या. चांदबी मावशी गेल्या, फार त्रास झाला नाही, तुला कळवावेसे वाटले. तसे का वाटले, हे त्यालाही ठाऊक नसावे. मी ते पत्र आधी उशाखाली ठेवले, मग पुस्तकात, मग शिवणाच्या डब्यात... सहा आठवडे होत आले. ते अजून एका जागी ठरत नाही, आणि मीही.

चांदबी मावशी आमच्या गावच्या सुईण. त्यांच्या तळहातांना ओव्याचा आणि एरंडेलाचा मिळून एक उबदार वास असे. गावातल्या बहुतेकांनी या जगाचा पहिला वास घेतला तो तोच. नव्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची त्या थट्टा करीत. “बाईची नाडी असा पाह्यते, जसा इस्तवाले हात लावून राह्यला.” त्यांचे दुसरेही एक काम होते. त्याचे नाव गावात कोणी घेत नसे, पण वाट सगळ्या बायकांना ठाऊक होती. नको असलेले, न पेलणारे दिवस घेऊन बायका भर दुपारी, सरपणाचे निमित्त करून, त्यांच्या दाराशी जात. आमच्या घरच्या पोथीत हे पाप पहिल्या दिवसापासून पापच होते. शेतावरच्या म्हाताऱ्या म्हणत, पोटात हलेपर्यंत काही नाही. मावशींचा नेम वेगळा होता. “चार महिने भरले का रूह येते, जीव भरते. तोवर रगत हाय. पुढं मी हात लावत नाही.”

हे महिने त्या पिकांवर मोजीत. त्यांचे चांद्रमास ऋतूंमधून सरकत राहणारे, आमच्या तिथी आमच्यापुरत्या. वावर मात्र साऱ्यांचे एकच. म्हणून प्रत्येकीला त्या विचारीत, “शेवटचं न्हाणं कोणत्या पिकात?” त्या उत्तरावर सारे ठरे.

राज्य नवे झाले त्या सुमाराची गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते. थोरल्या चुलतभावाची विधवा पत्नी, सुमनवहिनी, आमच्याच घरी असे. पौषातल्या एका दुपारी तिने मला ओढून न्हाणीघरात नेले. तिची बोटे ओल्या दगडासारखी गार होती. “चांदबीकडे जाय. म्हण, मले दिवस गेले. तुळशीच्या लग्नाले मी बाजूले बसली होती, त्याच्या मागून नाही.” कोणाचे, हे तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.

मावशी उन्हात बसून सूप सारवीत होत्या. वहिनीने पाठवले एवढे मी सांगितले, पण विधवेची ती गोष्ट जिभेवर येईना. “शाळेत जाते अन् अशी मुकी काऊन वं?” त्या हसल्या. मग हलक्या आवाजात त्यांचा प्रश्न आला... कोणत्या पिकात? मला वावर कुठे ठाऊक होते? मला आठवले ते तुळशीच्या लग्नाच्या दिवशीचे अंगण. एका कोपऱ्यात वहिनी, दुसऱ्यात बायका वाळलेले मूग झोडपीत असलेल्या, हवेत टरफलांची खसखसणारी धूळ. मी म्हणाले, “मुगात.”

मावशींनी सूप खाली ठेवले. मूग वावरात तोडतात तो भादवा. भादव्यापासून पौष म्हणजे चार महिने पुरे. त्यांनी बोटे मुडपली, पुन्हा उलगडली. “नाही पोरी. आता रूह आली. तिले सांग, माह्याच्यानं होत नाही.”

आठवड्याच्या आत वहिनी माहेरी म्हणून गेली, आणि तिथल्या एका बाईच्या हातून, तापाने, चौथ्या दिवशी संपली. घरात विषमज्वर सांगण्यात आला. पोथी वाचणाऱ्या काकूंनी तिचे लुगडे गड्याला देऊन टाकले.

तेरावा झाल्यावर चांदबी मावशी मला विहिरीवर गाठून उभ्या राहिल्या. वहिनीच्या आईकडून त्यांना खरे दिवस कळले होते. “मूग घरात होते का वावरात?” मी रहाटाकडे पाहत राहिले. दोर ओला होता, त्याचा कुबट वास अजून नाकात आहे. “घरात,” मी म्हणाले. त्यांनी पुन्हा बोटे मुडपली, कार्तिक ते पौष, दोनच. मग म्हणाल्या, “तू तं लेकरू. मी जाऊन पोटाले हात लावला असता, तं हाताले समजलं असतं. अंगणात बसून हिशेब केला म्या.” आणि जाता जाता वळून, “मले तारीख वाचाले शिकव.”

त्या हिवाळ्यात मी त्यांना एक ते एकतीस शिकवले. आठाचा आकडा त्यांना फार दिवस जमला नाही. “हा मेला बाईवानी उठून बसते, निजत नाही,” असे म्हणत. पुढे त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर आले. आलेल्या बाईने तारीख सांगितली की त्या काडीने काजळाचा ठिपका देत. आणि तारखेनंतरही, प्रत्येकीच्या पोटाला हात लावीत.

आता कायदा झाला आहे. सरकारी दवाखान्यात आठवडे मोजतात, कागदावर सही घेतात. मावशींना तो कसा वाटला, हे मी विचारायचे राहिले. विचारायचे तसे पुष्कळच राहिले. मी “घरात” म्हणाले, पण क्षमा मागितली नाही...

मी आता दूरच्या शाळेत शिकवते; मागल्या रविवारी गावी गेले. दारोदारी मूग वाळत होते. मावशींच्या सुनेने मला त्यांच्या खोलीत बसवले. खाट उभी केलेली, आणि भिंतीवर यंदाचे कॅलेंडर. पानांवर ठिपके थोडेच होते, श्रावणानंतर नव्हते. सुनेने पुढची पाने उलटली आणि तुळशीच्या लग्नावर बोट ठेवले. तिथे काजळ होते.

“नवं कॅलेंडर आलं का सासूबाई पयले हाच ठिपका देत. दरसाल. आमी इचारलं तं म्हणत, तिकडच्या मास्तरीणबाईले इचारा.”

ती माझ्याकडे पाहत थांबली. मी तिला वहिनीचे नाव सांगितले. इतक्या वर्षांत प्रथमच, मोठ्याने.

ते कॅलेंडर तिने मला दिले. आता ते माझ्या स्वयंपाकघरात आहे. येता-जाता हात त्या पानाकडे जातो आणि मागे येतो. ठिपका देणारा हात नाही. दिवस मात्र अजून यायचा आहे.