माझ्याकडे तर चालतंय

चहा ओतलाच आहे, तर ऐका. ही गोष्ट मी घरी अर्धीच सांगितली आहे, आणि त्या अर्ध्यावरच बायकोने ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर उरलेली सांगायचा धीर झाला नाही. पूर्ण फजिती आज पहिल्यांदा तुमच्यापुढे मांडतोय. हसायचं तिथे हसा, फक्त मध्येच 'अरेरे' म्हणू नका, मला ते सहन होत नाही.

मी पुण्याचा. बंगळुरात येऊन एकोणीस वर्षं झाली, राहतो के. आर. पुरमला, नोकरी सॉफ्टवेअरची. ऑफिसात माझी ख्याती एकाच गोष्टीची, बिल्डची. घाबरू नका, सोपं आहे. जावात लिहिलेला प्रोग्रॅम एकटा उभा राहत नाही, त्याला दुसऱ्यांनी लिहिलेल्या पन्नाससाठ फायली लागतात. त्या गोळा करून, सगळं जुळवून तयार प्रोग्रॅम हातात देणारं एक टूल असतं. ते या फायली इंटरनेटवरून आणतं आणि तुमच्या मशीनवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये साठवून ठेवतं, रोज रोज आणायला नकोत म्हणून. सगळं जमलं की शेवटी हिरवी ओळ येते. नाही जमलं की लाल. आणि लाल ओळ आली की लोक माझ्याकडे येतात.

लोक फार यायला लागले म्हणून मी एक यादी केली. 'बिल्ड चालत नसेल तर', एकूण अठरा पायऱ्या. जावाची आवृत्ती बरोबर आहे का बघा, नेटवर्क बदलून बघा, तो साठवणीचा फोल्डर पुसून सगळं नव्याने आणा, वगैरे. नववी पायरी होती, चालणाऱ्या मशीनवरचा फोल्डर मागून घ्या आणि आपल्या फोल्डरशी ताडून फरक शोधा. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत एक नियम: फोल्डरमध्ये हाताने कोणतीही फाइल टाकायची नाही. हाताने टाकलेली फाइल फक्त तुमच्याकडे असते, बाकीच्यांचं बिल्ड बोंबलतं. या नियमावर मी भाषणंसुद्धा दिली आहेत. कुणी बोलावलं नव्हतं, तरी दिली आहेत.

तर एका सोमवारी आमचे मॅनेजर प्रसन्ना एका मुलीला घेऊन आले. गौरी. वर्षभर दुसऱ्या विभागात कंत्राटावर होती, ते कंत्राट महिनाअखेर संपणार होतं. प्रसन्ना म्हणाले, आठवडाभर हिला तुझ्याकडे ठेव, तुझं काम शिकू दे, शुक्रवारी मला कळव. तू हो म्हणालास तर कायम करू, नाहीतर तिला दुसरीकडे बघावं लागेल. जाता जाता हळूच म्हणाले, घरात कमावती तीच आहे.

माझं काम म्हणजे लेबलं छापणारा एक प्रोग्रॅम. तीन वर्षं मी एकटाच बघत होतो. गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती जायची ती माझ्याच लॅपटॉपवरून तयार होऊन. असं करू नये हे मला माहीत आहे. पुढे ऐका.

गौरी बंगळुरातल्याच शिवाजीनगरची. तिचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, आणि मराठी घरात जपलेलं. पण तिचं मराठी आमच्यासारखं नाही. ती 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणते, 'बरं'ला 'सरी', आणि दुसऱ्याच दिवशी मला 'अण्णा' म्हणायला लागली. आता आम्ही पुण्याचे. समोरच्याचं मराठी सुधारायची संधी आम्ही सोडतो होय? ती बिल्डचं विचारायची आणि मी तिचे शब्द दुरुस्त करायचो. ती 'सरी अण्णा' म्हणून ऐकून घ्यायची.

तिच्या नव्या लॅपटॉपवर बिल्ड काही चालेना. लाल ओळ. मी यादी दिली आणि म्हटलं, ओळीने कर, आणि माझ्याशी बोलायला येऊ नकोस, काय असेल ते मेलवर लिही. तोंडी सांगितलेलं मी धरत नाही. मंगळवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन आली, नववी पायरी म्हणाली. मी ऐटीत माझा अख्खा फोल्डर तिला कॉपी करून दिला. दुपारी पुन्हा आली, "अण्णा, एक विचारायचं होतं," म्हणाली. मी वर न बघता म्हटलं, मेल.

बुधवारी विचारलं, चाललं का? म्हणाली, अजून नाही, तुमच्या उत्तराची वाट बघते. मला वाटलं, ही आता माझ्याकडून आयतं उत्तर मागतेय. म्हटलं, यादीत सगळी उत्तरं आहेत, पहिल्यापासून पुन्हा कर. तिने केलं. गुरुवारी पुन्हा केलं. अठरा पायऱ्या, तीन वेळा, कुरकुर नाही. आणि मी कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होतो की आजकालच्या मुलांना साधं बिल्ड चालवता येत नाही. माझ्याकडे तर चालतंय!

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी प्रसन्नाला मेल टाकला. तीन ओळी. मुलगी मेहनती आहे, पण साध्या लेखी सूचनाही तिला पाळता येत नाहीत, हिला कायम करू नये असं माझं मत. लिहिताना हात अडखळला नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रसन्ना तेव्हा चेन्नईला गेले होते, सोमवारी येणार होते.

अकराला आमची साप्ताहिक मीटिंग. माझा पडदा भिंतीवर, समोर अकरा माणसं. कुणीतरी विचारलं, बुधवारी गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती द्यायची आहे, तयारी आहे ना? मी म्हटलं, तयारी आहे, फक्त आमच्या नव्या बाईंचं बिल्ड चालत नाहीये, ते आत्ता सगळ्यांसमोर शिकवून टाकतो. बघ गौरी, असा फोल्डर पुसायचा. भीती कसली? सगळं पुन्हा आपोआप येतं.

गौरी पटकन उठली. "अण्णा, स्वल्प थांबा."

मी म्हटलं, 'जरा थांबा' म्हणावं. आणि पुसला.

फायली भराभर यायला लागल्या. मी खुर्चीत मागे रेललो. शेवटी ओळ आली, लाल. एक फाइल सापडत नाही म्हणे. मी हसलो, म्हटलं नेटवर्क. पुन्हा चालवलं. लाल. मोबाइलचं इंटरनेट जोडलं. लाल. जावाची आवृत्ती तपासली. मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतःचीच यादी अकरा माणसांसमोर पाठ केल्यासारखी करतोय आणि सहाव्या पायरीवर मला घाम फुटलाय.

आणि मग ते आठवलं. तीन वर्षांपूर्वी लेबल छापायच्या यंत्राची एक फाइल लागली होती. ती बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं होतं, त्यामुळे ती इंटरनेटवर कुठेच नव्हती. त्यांनी जाता जाता मला पाठवली, आणि मी ती फोल्डरमध्ये टाकली. हाताने. 'उद्या ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवू' म्हणालो होतो. तो उद्या अजून यायचा होता. म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे चालत होतं ते केवळ माझ्या डब्यात घरून आणलेला मसाला होता म्हणून, आणि तो डबा मी आत्ता चारचौघांत घासून पालथा घातला होता.

गौरी शांतपणे पुढे आली, माझ्या लॅपटॉपची वायर काढली, स्वतःच्या लॅपटॉपला लावली. भिंतीवर तिचा पडदा आला. तिने पेन ड्राइव्हवरून एक फाइल कॉपी केली, बिल्ड चालवलं. हिरवी ओळ.

मग सगळ्यांना म्हणाली, "ही फाइल फक्त अण्णांच्या मशीनवर होती. मला सापडते का बघायला त्यांनी मुद्दाम ठेवली होती. मंगळवारी सापडली. पण हाताने टाकायची नाही असा नियम आहे, म्हणून थांबले होते."

टाळ्या वाजल्या हो! एक जण म्हणाला, काय शिकवायची पद्धत आहे. आता इथे भल्या माणसाने काय केलं असतं? उभं राहून सांगितलं असतं की असं काही नाही, मी गाढव आहे. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "शाबास. चार दिवस हीच वाट बघत होतो."

जागेवर येऊन मेल शोधले. टूल स्वतःच दिवसाला शंभर मेल पाठवतं, म्हणून 'बिल्ड' शब्द असलेले सगळे मेल आपोआप एका कोपऱ्यात जाऊन पडतील अशी सोय मी फार पूर्वी केली होती. तिथे मंगळवार दुपारचा गौरीचा मेल न उघडलेला पडला होता. कुठली फाइल, कुठे आहे, ती टाकली की कसं चालतं, सगळं नीट लिहिलेलं. शेवटी, ही मी टाकू का, की सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था करू? आपण सांगाल तसं. त्या लेखी सूचना कुणाला पाळता येत नव्हत्या, हे आता तुम्हीच ठरवा.

आणि साडेनऊचा तो मेल? तो गेला होता. प्रसन्नाला दुसरा लिहायला बसलो. 'सकाळचं मत चुकीचं होतं' इथपर्यंत सहज आलो. पुढे 'कारण' लिहिलं आणि अडकलो. कारण लिहायचं म्हणजे टाळ्या परत करायच्या. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. म्हटलं, सोमवारी प्रत्यक्ष बोलू. खरं सांगू का, सोमवारीसुद्धा बोललो असतो की नाही, मला खात्री नाही.

शनिवारी सकाळी गौरीचा फोन आला. म्हणाली, आईने तुम्हाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलंय, नाही म्हणू नका. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

रविवारी मेट्रो, पुढे ऑटो, असं करत शिवाजीनगरात पोचलो. बाजाराच्या मागे एका गल्लीत दोन खोल्यांचं घर. गौरीची आई दारातच उभी होती, शेजारीपाजारी तिला अक्का म्हणतात. "या अण्णा, तुमच्यामुळे आमच्या पोरीचं चांगलं झालं," म्हणाली. इथपासून माझी जी शिक्षा सुरू झाली ती पानावरून उठेपर्यंत थांबली नाही. कोसंबिरी वाढताना म्हणाली, असे शिकवणारे कुठे मिळतात. सारू, म्हणजे आपलं सार, वाढताना म्हणाली, दुसरा कुणी असता तर पोरीला नावं ठेवून मोकळा झाला असता. होळिगेवर, म्हणजे पुरणपोळीवर, तुपाची धार धरून म्हणाली, स्वल्प अजून घ्या, तुम्ही काही खातच नाही. कसं खाणार? प्रत्येक घास त्या तीन ओळींवरून खाली जात होता.

जेवण झालं. म्हटलं, सुटलो. तर अक्का आतून ताट घेऊन आली. ताटात शाल, विड्याची पानं, मोसंबी आणि म्हैसूरचा पेटा. तोच तो, जरीचा काठ असलेला, जो इथे सत्कारात मोठमोठ्या पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवतात. मला पाटावर बसवलं, शाल पांघरली, पेटा घातला. गौरी हात जोडून उभी. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात एक जरीकाठी लबाड माणूस माझ्याकडे बघत होता.

माझ्याच्याने पुढे बघवेना. म्हटलं, अक्का, ऐका. मी काही शिकवलं नाही. ती फाइल मी मुद्दाम ठेवली नव्हती, विसरलो होतो. हिचा मेल मी वाचलाच नाही. आणि शुक्रवारी सकाळी हिला कायम करू नका असं मी मॅनेजरला लिहून बसलोय. पेटा काढायला हात वर नेला.

अक्काने माझा हात धरला. "राहू द्या. आधी काम," म्हणाली.

गौरीने तोवर लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला होता. मी पेटा डोक्यावर घेऊनच प्रसन्नाला लिहिलं. सगळं लिहिलं, फाइल, मेल, टाळ्या. शेवटी लिहिलं, या मुलीला कायम करा, आणि माझ्या यादीचं काम आजपासून तिच्याकडे द्या. पाठवलं, आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग गौरीला विचारलं, तुला खरंच वाटलं होतं की मी मुद्दाम ठेवली होती?

"नाही अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही मेल वाचला असता, तर फोल्डर पुसलाच नसता. पण सगळ्यांसमोर दुसरं काय बोलणार होते मी?"

पुढे तिनेच सांगितलं. शुक्रवारी दुपारी प्रसन्नांचा चेन्नईहून तिला फोन आला होता. माझ्या तीन ओळी त्यांनी वाचून दाखवल्या आणि विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? खरं सांगून ती त्याच क्षणी मोकळी झाली असती. ती म्हणाली, सोमवारपर्यंत थांबा सर, अण्णा स्वतःच दुसरं लिहून पाठवतील.

आजही ते आठवलं की भरून येतं. स्वतःची नोकरी टांगणीला लावून तिने मला दोन दिवस दिले, आणि वर नाव राखलं. तिचे उपकार मी कुठे फेडू? त्या वेळी डोळे पुसत मी अक्काला एवढंच म्हणालो, केवढा विश्वास हो तुमच्या मुलीचा माझ्यावर.

अक्काने पेटा माझ्या डोक्यावर नीट बसवला.

"विश्वास कुठला? रडत घरी आली होती," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला जेवायला बोलावलं."