आशीर्वादाच्या बदल्यात तपासणी

जामखेडच्या त्या मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नातल्या झेंडूचा कुजका वास फिनेलच्या वासात मिसळून राहिला होता, आणि वैशाखाच्या उन्हाने तापलेले पत्रे तो वास थेट आमच्या नाकात ढकलत होते. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांसाठी स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर भरले होते. मीही रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या आणि मागच्या बाईने मात्र चांगली हातभर जागा सोडली होती, आणि त्या मोकळ्या जागेची मला शिसारी आली.

मी तृतीयपंथी. पुरुषाच्या देहात जन्मले आणि कितीतरी वर्षे हार्मोन्सच्या गोळ्या घेऊन, कधी डॉक्टरांना विचारून, बरेचदा न विचारताच, हे बाईपण अंगावर फुलू दिले. पहिल्यांदा ब्लाऊज नीट बसला, त्या सकाळी मी आरशापुढून हलले नव्हते. ज्या छातीची एवढी आस धरली, तिच्यातच परवा अंघोळ करताना बोटांना चिंचोक्याएवढी गाठ लागली. या छातीचे लोकांनी आजवर हसेच केले. तिला रोगही होऊ शकतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पडद्यापाशी बसलेल्या सिस्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"ह्ये बायकांसाठी हाय. तुमाला कुठनं आसनार छातीचा कॅन्सर?"

गाठ लागली आहे म्हणाले, तर तिने नाकाला रुमाल लावून दार दाखवले. रांगेत कुणीतरी खुदकन हसले. राग आला असता तर बरे झाले असते. आली ती निव्वळ किळस, तोंडाला कडू पाणी सुटावे अशी.

मी वळले, तोच तीच सिस्टर लगबगीने माझ्या मागे आली. कोपऱ्यात तिची पोटुशी सून बसली होती.

"तेवढं सुनंच्या पोटावरनं हात फिरवा की. लई वर्सांनी ऱ्हायलंय. तुमच्या तोंडचं खरं हुतं म्हनत्यात."

रुमाल आता तिच्या मुठीत होता. बारसे असो, वास्तुशांत असो, या लोकांना माझा हात डोक्यावर हवा असतो. माझ्या अंगाला हात लावायची वेळ आली, की मात्र सगळ्यांना विटाळ होतो.

"आधी मला आत सोडा," मी म्हणाले, आणि माझ्या त्या सौदेबाज आवाजाचीही मला किळस आली.

पडदा सरकला. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाव विचारले, गोळ्या किती वर्षे घेतल्या ते विचारले, आणि न बिचकता हात लावला. गाठीभोवती त्यांची बोटे सावकाश फिरली आणि एका जागी थांबली.

"इतकी वर्षं हार्मोन्स घेतलेत, तर तुमचीही तपासणी व्हायलाच हवी. नगरला जाऊन सोनोग्राफी करून घ्या. याच आठवड्यात."

"काय असेल, बाई?"

"आत्ता नाही सांगता येणार."

मी ब्लाऊजचे हुक लावले. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा जास्त सलत होते ते हे, की मी रुग्ण म्हणून आत आलेच नव्हते, आशीर्वादाच्या बदल्यात आले होते. बाईच्या देहात जन्मलेला, छाती आवळून बांधून नागापूरच्या कारखान्यात पुरुष म्हणून राबणारा माझा एक मित्र आहे. त्याच्या छातीत गाठ निघाली, तर त्याने सिस्टरला बदल्यात काय द्यायचे? त्याच्याकडे तर कुणी आशीर्वादही मागत नाही.

बाहेर सासू-सुना वाट पाहत होत्या. मी त्या मुलीच्या पोटावर तळवा ठेवला. आत काहीतरी हलले.

"नातू म्हना," सिस्टर कुजबुजली.

"जे होईल ते होवो," मी म्हणाले. "माझ्यासारखं झालं, तरी त्याला तपासायला कुणी नाही म्हणू नये."

सिस्टरचा चेहरा आंबला. तिने सुनेचा दंड धरून तिला मागे ओढले. पण मुलगी जागची हलली नाही. माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला होता, आणि तो ती काढत नव्हती.