कासिल्दाचा केक आणि फेयोचं दार

सांतो दोमिंगोत शेअर टॅक्सीचं दार आपटणं म्हणजे ड्रायव्हरच्या आईचा उद्धार करणं. कासिल्दा पेगेरोने साठ वर्षांत एकदाही दार आपटलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट सोडली, तर रस्त्यावर तिने कुणालाही सोडलेलं नव्हतं. फुटपाथवर चढणाऱ्या मोटारसायकलींना ती छत्रीने ढोसायची. बसवाल्यांशी तर पायरीवर उभं राहून भांडायची, आणि भांडण संपेपर्यंत बसला हलू द्यायची नाही. नवरा गेल्यापासून ती केक करून पोट भरत होती आणि ते केक गावभर पोचवत होती. रस्ता ही तिची सवत होती.

त्यातून महिन्यापूर्वीचं ते प्रकरण. फेयोच्या टॅक्सीतून ती दोन्या मिरेयाकडे, म्हणजे वस्तीतल्या मिरेयाबाईकडे, केक घेऊन निघाली होती. फेयोने असा ब्रेक मारला, की अननसाचा मुरंबा आणि वरचा पांढराशुभ्र साखरफेस समोरच्या काचेला जाऊन चिकटला. मिरेयाने फक्त एवढंच म्हटलं, "नातीच्या पंधराव्या वाढदिवसाला अजून एक संधी देते. नाहीतर दुकानं आहेतच." व्हिया हुआनात, म्हणजे त्या वस्तीत, मिरेया जिथून केक घेईल तिथूनच बाकीच्या घेतात. म्हणजे हा केक मोडला, की कासिल्दाची चूल थंड.

आज तो पंधराव्या वाढदिवसाचा शनिवार होता. ठरवलेली भाड्याची गाडी पुलापलीकडे अडकली होती, आणि तिचा ड्रायव्हर फोनवर "आलोच" म्हणत होता. ऊन असं, की फेसाला घाम फुटायला लागला. पाटावर तीन थरांचा केक धरून कासिल्दा रस्त्याच्या कडेला उभी राहिली. भरलेल्या गाड्या निघून गेल्या. थांबली ती नेमकी फेयोची.

मागे चौघं कोंबलेली होती. पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नेहमी दोघांना बसवतात. ती मोकळी होती.

"पुढची दोन्ही भाडी माझी," कासिल्दा म्हणाली. "शेजारी कुणाला घेतलंस तर बघ."

"घेतो कशाला? तुम्ही एकट्याच दोघींएवढ्या आहात, मावशी." फेयो उतरून दार उघडायला आला, कारण ते फक्त बाहेरून उघडायचं. "दाराला हळू. आणि या वेळी काच तुम्ही पुसायची."

"आणि तू या वेळी माणसासारखा चालव. ब्रेक मारलास तर तुझ्या डोक्यावर थापीन हा केक."

"ब्रेक मारायचा नाही, तर मग काय सगळ्यांना वाट देत बसू?"

"दे की. हात झडतील?"

मागून रंगाचे डबे घेतलेला माणूस म्हणाला, "फेयो वाट देणार? मग मी पुढच्या रविवारी चर्चमध्ये जातो."

मोठ्या चौकात सिग्नल बंद होता. चारही बाजूंनी गाड्या घुसून त्यांची गाठ बसली होती. इथल्या चौकाचा कायदा एकच: समोरच्याकडे बघायचं नाही. ज्याची नजर वळली, त्याने वाट सोडायची. फेयो वीस वर्षं नाकासमोर बघत चौक ओलांडत आला होता.

उजवीकडून एक बस अंगावर येत होती. कासिल्दाने त्याच्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवर होता, पण दाबलेला नव्हता. दाबावा लागू नये म्हणून फेयोने मान वळवली आणि बसवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, म्हणजे वाट सोडली.

बस गेली. तिच्यामागून दुसरी गेली, मग मोटारसायकली, मग नारळाची हातगाडीसुद्धा. ज्याने एकदा बघितलं, त्याला मग कुणी मोजत नाही.

"बायको मेली की काय रे तुझी?" एका मोटारसायकलवाल्याने खिडकीशी येऊन विचारलं.

दवाखान्याच्या गणवेशातली मुलगी मागून ओरडली, "माझी ड्युटी सुरू झाली तिकडे. केकची मिरवणूक काढलीय का?"

"तू गप्प बस," फेयो म्हणाला. मानेवरून घाम गळत होता. कासिल्दाने केककडे पाहिलं. वरच्या थराच्या कडेवरून एक थेंब सावकाश खाली येत होता.

"दार उघड," ती म्हणाली.

"इथे?"

"इथे. तुझ्या गाडीत मी म्हातारी होईन."

"व्हायचं काय राहिलंय," असं पुटपुटत फेयोने उतरून दार उघडलं.

पाट छातीशी धरून ती थेट चौकाच्या मध्यात चालू लागली. एका ट्रकचं नाक तिच्या खांद्यापाशी येऊन थांबलं. ड्रायव्हर शिव्या देत होता. कासिल्दा त्याच्याकडे वळली, नीट बघितलं आणि म्हणाली, "घाल अंगावर. मुरंबा अननसाचा आहे."

ट्रकवाल्याने नजर चुकवली. पण चाक पुढे टाकलं नाही. तिच्यामागे जी फट पडली, तीत फेयोची गाडी घुसली.

चौकाच्या पलीकडे त्याने गाडी तिच्याजवळ आणली. "बसा."

"नाही."

"अजून चार गल्ल्या आहेत."

"पाय आहेत मला."

मग ती रस्त्याच्या मधोमध चालली, आणि फेयो पावलापावलाने तिच्या मागे. संबंध रस्ता त्याने अडवून धरला होता, एक मोटारसायकलही बाजूने जाऊ शकत नव्हती. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. दवाखान्याची मुलगी उतरून तरातरा चालत गेली. "डावीकडे झुकलाय," फेयो खिडकीतून ओरडायचा. "तुझी मान झुकलीय," कासिल्दा मागे न बघता म्हणायची.

दोन्या मिरेया फाटकात उभी होती. तिने केकभोवती फेरी मारली आणि वाहून आलेला थेंब बोटाने टिपून चाखला.

"या वेळी त्या गाढवाच्या गाडीतून आणला नाहीस ना?"

"त्याच्याच," कासिल्दा म्हणाली. "गाढवच आहे तो."

मिरेयाने रस्त्याकडे पाहिलं, मग केककडे. "डिसेंबरात धाकट्या मुलीचं लग्न आहे. चार थर लागतील."

कासिल्दा बाहेर आली. फेयो तिथेच उभा होता. मागची माणसं केव्हाच उतरून गेली होती.

"दोन सीटचं भाडं दिलंय आणि अर्धी वाट चाललेय," ती म्हणाली. "घरी सोड."

ती बसली. आज बऱ्याच तासांनी तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्या दोन्ही हातांनी तिने दार धरलं आणि असं आपटलं, की खिडकीची काच दाराच्या पोटात खळकन गेली.

फेयोच्या जबड्याचा स्नायू हलला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कासिल्दाही नाकासमोर बघत बसली. गाडी निघाली, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात त्या दोघांपैकी कुणाचीही मान वळली नाही.