डाव्या बाजूचे टायर

किनवटच्या जंगलातल्या गावांना फिरत्या दवाखान्याची एक जीप जायची. तिच्यावर मी काही वर्षं नर्स होते. माझं माहेर अहमदपूरचं; जंगल, घाट, ओढे हे सगळं मी किनवटलाच पहिल्यांदा पाहिलं. जीप चालवणारे मामा देगलूरचे होते. वयानं माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला सिस्टर. डॉक्टरसाहेब अधूनमधून यायचे, एरवी आम्ही दोघंच. मामांना तेलुगू चांगली यायची, त्यामुळे पाड्यावरच्या बायका आपलं दुखणं आधी त्यांना सांगायच्या आणि मग ते तोंड वळवून, जरा लाजत, मला मराठीत सांगायचे.

एका पावसाळ्याआधी जीपला चारही टायर नवे बसले. जाड नक्षीचे, चिखलात पकड घेणारे. मामा त्या दिवशी खुश होते. पण दिवाळी झाली न झाली तोच डावीकडचे दोन्ही टायर खराब झाले. बाहेरच्या कडेची नक्षी झिजून सपाट झाली होती, जागोजागी रबराचे तुकडे उडाले होते. उजवीकडचे मात्र कालच बसवल्यासारखे.

मामांनी ते फार मनाला लावून घेतलं. सकाळी मी औषधांची पेटी घेऊन यायचे, तेव्हा ते चाकापाशी उकिडवे बसलेले असायचे.

"हवा तर रोज बघून राहिलो मी," ते म्हणायचे. "हवा कमी आसली की दोन्ही कडा जातेत. जास्त झाली की मधला भाग जातो. हे एकीकडचंच कामून जायलंय?"

नांदेडला नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. चाकांच्या सांध्यातले रबरी बुश बदलले. शेवटी मामांनी डावे टायर उजवीकडे आणि उजवे डावीकडे टाकले. काही आठवडे गेले, आणि डावीकडे आलेले ते चांगले टायर तसेच खरवडायला लागले. उजवीकडे गेलेले जुने मात्र होते तसेच राहिले.

परत नांदेडला गेलो तेव्हा मीही बरोबर होते, लशी आणायच्या होत्या. गॅरेजच्या मेस्त्रीनं गाडी वर घेतली, चाकं हलवून पाहिली, आणि हात पुसत म्हणाला, "गाडीत काई नाही मामा. डावी चाकं सारखी डांबराच्या खाली चालायलीत. साइडपट्टीची गिट्टी टायर खायली."

 गाडी गावाबाहेर पडल्यावर मामा म्हणाले, "आता हे मला रस्ता शिकवणार."

मी रोज त्यांच्या डावीकडेच बसायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच मी रस्त्याकडे नीट पाहिलं. समोर कोणी नव्हतं, पूर्ण डांबर मोकळं होतं, तरी आमची डावी बाजू खाली उतरून खडखडत चालली होती. बाभळीच्या फांद्या माझ्या काचेवर ओरखडत होत्या. हे किती दिवसांपासून चाललंय, ते मला आठवेना. समोरून ट्रक आला की मामा आणखी खाली उतरायचे, कधी कधी थांबूनच राहायचे.

त्यानंतर लवकरच एका पाड्याच्या फाट्यावर ते घडलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन. उजवीकडच्या कच्च्या वाटेनं एक मोटारसायकल येत होती. मागे बाई, मध्ये धान्याचं पोतं. मला ती लांबूनच दिसत होती. मामा थांबतील असं मी धरून चालले होते. ते थांबले नाहीत.

"मामा!" मी ओरडले.

त्यांनी ब्रेक दाबला. मोटारसायकलवाल्यानंही दाबला, आणि पोत्यासकट दोघं आडवी झाली. नशीब, चाकाखाली कुणी आलं नाही. बाईचा गुडघा फुटला होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून तो धुतला, पट्टी बांधली. मामा तिच्या नवऱ्याशी तेलुगूत भांडत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आला कुठून हा? एकदम अंगावरच आला की."

ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. 

ती दोघं गेल्यावर मी मामांना जीपच्या पायरीवर बसवलं. "डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडं बघा. हात दिसला की सांगा."

"आता हे काय सिस्टर?"

"झाका तर."

त्यांच्या उजव्या कानापासून मी हात हळूहळू पुढे आणत गेले. बोटं हलवत होते. कान गेला, गाल गेला, हात जवळजवळ माझ्या तोंडापुढे आला तेव्हा ते म्हणाले, "हाव, दिसला."

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसरा डोळा बराच बरा होता, पण तोही पुरता नव्हता.

"चष्मा लागला आसंल," मामा म्हणाले.

"चष्म्याचं नाही हे मामा. आता इथून गाडी हलवायची नाही. मी फोन करते, दुसरा ड्रायव्हर येईल."

ते उठून उभे राहिले. माझ्यावर ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "आजपस्तोर माझ्या गाडीनं कुणाला खरचटलंय का?" आणि बोलता बोलताच त्यांची नजर खाली गेली. मातीत सांडलेल्या ज्वारीत रक्ताचा कापूस पडला होता. ते परत खाली बसले.

मोबाईलला रेंज मिळवायला मला टेकाडावर चढावं लागलं. खाली आले तर मामा पळसाच्या सावलीत बसले होते. मी शेजारी बसल्यावर म्हणाले, "समोरची गाडी एकदम यायली, सिस्टर. आधी नसायची, आन् मग एकदम तोंडापुढं. म्हणून मी आपला कडंकडंनं घ्यायलो. मला वाटलं, लोकंच बेफाम चालवायलेत."

मग त्यांनी विचारलं, "हापिसात तुम्ही सांगणार का?"

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "पण आजच सांगा."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या ड्रायव्हरनं आम्हाला आरोग्य केंद्रावर पोचवल्याबरोबर डॉक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन, दार उघडंच ठेवून, सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. नांदेडच्या दवाखान्यात तपासणी झाली. काचबिंदू; त्यात कडेची नजर आधी जाते. गेलेली नजर परत येत नसते. उरलेली टिकवायची, एवढंच. मामा कंत्राटावर होते. त्यांना देण्यासारखं दुसरं काम केंद्रात नव्हतं. ते देगलूरला निघून गेले. निरोप समारंभ करूया असं कुणीतरी म्हणालं, पण ते थांबले नाहीत.

नवा ड्रायव्हर चांगला माणूस होता. त्याला तेलुगू येत नव्हती. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका जीपमध्ये डोकावून पाहायच्या, मला खुणेनं विचारायच्या. मी डोळ्याकडे बोट दाखवायचे. त्या मान हलवायच्या आणि आपलं दुखणं न सांगताच गोळ्या घेऊन जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी देगलूरला जाऊन आले. मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी हाक मारल्यावर त्यांनी सगळं डोकं वळवून मला शोधलं. "सिस्टर हायत का? या, या." पाड्यांची चौकशी केली, कुणाकुणाची बाळंतपणं झाली ते विचारलं. गाडीचं काही विचारलं नाही.

मामी चहा करायला आत गेल्या, मीही मागोमाग गेले. मामी गॅसकडे तोंड करूनच हळू बोलल्या. "रोज डोळ्यात थेंब घालायलेय मी. दुसराबी कमी झालाय म्हणायलेत डॉक्टर. तुम्ही नर्स हायत, खरं सांगा. उरलेली नजर तरी ऱ्हाईल का?"

"थेंब चुकवू नका," मी म्हणाले. "बरेच दिवस राहते कधी कधी."

"कधी कधी," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर घातली.

आम्ही तिघं ओसरीत बसून चहा प्यायलो. मामींनी कप मामांच्या हातात दिला, पण त्यांची बोटं कपाच्या कानात नीट बसेपर्यंत सोडला नाही. उन्हं कलली तरी मामा मला थांबा म्हणत होते, आणि मला नांदेडची शेवटची एसटी धरायची होती.