सखारामची प्लीहा

अकोल्याहून कारंजा लाडला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि फुटलेल्या कापसाची शेते दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागली. मांडीवर कापडात गुंडाळलेली एक जुनी वही होती. प्रवासाचे कारण तीच. माझे पणजोबा इंग्रजी अमदानीत कारंज्याच्या दवाखान्यात गोऱ्या सर्जनच्या हाताखाली काम करत. शवविच्छेदनाच्या नोंदी ते स्वतःपुरत्या मराठीत उतरवून ठेवत. मी विकृतिशास्त्राची डॉक्टर असल्याने वही व्यावसायिक कुतूहलाने उघडली. एका पानावर ते कुतूहल संपले.

सखाराम नावाच्या मजुराला जिनाच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) गोऱ्या मॅनेजरने बुटाने लाथा घातल्या. तो दुसऱ्या दिवशी मेला. नोंद अशी होती: ‘तीन बरगड्या मोडलेल्या. प्लीहा फाटलेली, पण आकाराने प्राकृत (नेहमीएवढी). साहेबांच्या सांगण्यावरून दाखल्यात रोगाने वाढलेली असे लिहिले. सही माझी.’

हा त्या काळी रुळलेला युक्तिवाद होता. हिवतापाने प्लीहा वाढते आणि वाढलेली प्लीहा हलक्या धक्क्यानेही फुटते, एवढे खरे आहे. त्यावरून निष्कर्ष मात्र असा काढला जाई की देशी माणूस गोऱ्याच्या लाथेने मरत नाही, स्वतःच्या सदोष शरीराने मरतो. मॅनेजर ताकीद घेऊन सुटला.

सखारामचे वंशज गावाबाहेर भाजीपाला पिकवतात, हे एका परिचित शिक्षकांनी शोधून दिले होते. त्यांना छायाप्रत द्यायची, मूळ वही घेऊन परतायचे आणि शोधनिबंध लिहायचा, असा माझा आखीव बेत होता.

बेताला पहिला धक्का मेथीच्या वाफ्याने दिला. बांध समजून मी पाय टाकला आणि घोट्यापर्यंत रुतले.

“अवो बाई, थो वाफा आत्ताच भिजवला!” एक मुलगी हसत धावत आली आणि तिने एका हिसक्यात मला बाहेर काढले. सँडल आतच राहिली. तीही तिनेच उपसून दिली. ही वैष्णवी, वय वीस, सखारामची पणती. खांदे भरदार, पकड घट्ट.

बाजाराची पोती भरली जात होती. थोड्याच वेळात मला एक विसंगती दिसली. वैष्णवी फक्त पोत्यांची तोंडे शिवत होती. तिचे वडील नामदेवकाका, साठीचे पण काटक, नुसते उभे होते. वांग्यांची पोती डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जात होती ती वैष्णवीची किरकोळ बांध्याची वहिनी.

“तू का उचलत नाहीस?” मी वैष्णवीला विचारले.

“आमच्या खानदानात तिल्ली (प्लीहा) वाढते न. पंजोबा त्याच्यानंच गेले. दर आखाजीले (अक्षय्य तृतीयेला) बाबा आमाले निजवतेत अन् डावी कूस दाबून पाह्यतेत. वजन उचलाची मनाई हाय.”

“तिल्ली या लोकायची नाजूक,” वहिनी पोते घेता घेता म्हणाली, “अन् मान आमची मोडते! या घरात ओझं सुनायनंच उचलाचं.”

वैष्णवी हसली नाही. आठ दिवसांवर तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. धावण्याचा सराव ती पहाटे चोरून करी. गोळाफेकीचा गोळा तिने आजवर हातात घेतला नव्हता, आणि वडील चाचणीला जाऊ द्यायला तयार नव्हते. एक खोटा दाखला कागदावरून उतरून तीन पिढ्यांच्या शरीरात मुक्कामाला आला होता.

जेवायला भाजलेल्या वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि ज्वारीची गरम भाकर होती. ताट रिकामे होण्याआधी नवी भाकर पडे. इतक्या मायेने वाढणाऱ्या माणसांना हे कसे सांगावे, ते मला सुचेना. शेवटी हात धुऊन मी वही उघडली आणि ते पान जसेच्या तसे वाचले.

नामदेवकाका पुढे सरकले. मग म्हणाले, “म्हंजे आज्याची तिल्ली चांगली होती?”

“चांगली होती. लाथेने फाटली.”

“मंग तुमच्या पंजोबानं सही काहून केली?”

नोकरी, भीती, काळ अशी उत्तरे मी बसमध्ये तयार केली होती. त्यांतले एकच मी दिले. “भ्याले असतील,” मी म्हणाले. “पण सही केली. चूक आमच्या घराची आहे.”

“माह्या बापाले पोट्टे आखाड्यात उतरू नाई देत. रोगट म्हनत. थो मरेपर्यंत सोताले रोगटच समजला.” काका उठले आणि निंबाखालच्या खाटेवर उताणे झाले. “पाहा मंग.”

जिवंत पोट तपासून मृताविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्याचा पुरावा वहीत होता. पण या घरात पुरावा आजवर डाव्या कुशीवरच्या हातानेच मिळत आला होता. मी काकांना गुडघे वाकवून खोल श्वास घ्यायला सांगितला. प्लीहा हाताला लागली नाही. वैष्णवीचीही नाही.

“मंग मामाजी, उद्यापासून पोती तुमची!” वहिनीने लगेच सुनावले. निंबाखाली सगळेच हसले, काकाही.

निघताना त्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. “नाव हेच का?” आजोबांचे नाव त्यांनी लिहिलेले कधी पाहिले नव्हते. मी मूळ वही त्यांच्या हातात दिली आणि छायाप्रत पिशवीत टाकली. निबंध लिहू का, असे विचारले.

“लिवा. पर त्याचं नाव पुरं लिवा.”

बसस्थानकावर सगळे पोचवायला आले. माझ्यासाठी वांगी आणि मेथीचे एक पोते भरले होते. नको म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. सवयीने वहिनी वाकली.

“थांब,” काका म्हणाले. “वैष्णवी, उचल व माय.”

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, उकिडवी बसली, श्वास भरला आणि पोते डोक्यावर घेऊन सरळ उभी राहिली. काकांचा हात तिच्या डाव्या कुशीकडे गेला, आणि तिथे पोहोचण्याआधीच त्यांनी तो मागे घेतला. ती बसच्या पायऱ्या न थांबता चढली.

पुण्यात माझ्या घरी ते पोते चौथ्या मजल्यापर्यंत मी स्वतः नेले. जिन्यात दोनदा टेकवावे लागले. त्यांनी आम्हाला क्षमा केली का, हे मी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. मात्र ओझे चांगलेच जड होते, आणि ते भरून दिल्याबद्दल मी प्रत्येक पायरीवर त्यांचे आभार मानत होते.