मावशीचा हात जागा होतो

लाँड्रीचं शटर वर गेलं, की रफूमावशी आधी गिऱ्हाइकाच्या कपड्याला हातच लावत नसे. खिडकीपाशी बसायची आणि हातरुमालाएवढ्या एका जुन्या फडक्यावर सात टाके घालायची. रंग मनाला येईल तो. वर्षानुवर्षांचे टाके असे दाटले होते, की मूळ कापड कुठलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हात जागा करतेय," ती म्हणायची. "उठवल्या उठवल्या कुणाला कामाला जुंपतात का?"

"हाताला चहा पण लागतो का, मावशी?" मालक विचारायचा.

"तो मला लागतो. अर्धा कप. मागवा."

मधे मावशीचं मनगट मोडलं. प्लास्टर निघून आठवडा झाला, तरी बोटं परक्यासारखी वागत होती. बटणं, दुमड, इथवर ठीक. आज मात्र पहिलं खरं रफूकाम समोर होतं: एक राखाडी कोट, छातीवर कसरीनं पाडलेलं भोक. कोट एका बाईच्या नवऱ्याचा. तो आता नाही. दुपारी तिचा मुलगा हाच कोट घालून मुलाखतीला जाणार होता. हे जमलं नाही, तर यापुढे रफूची कामं बाहेर जाणार, हे मालक आणि मावशी दोघंही जाणून होते.

आणि फडकं जागेवर नव्हतं.

"मालक, माझं फडकं?"

"कुठलं?"

"टाक्यांचं."

इस्त्री थांबली. "ते तुमचं होतं? मला वाटलं, कुणाचं भरतकाम. धुऊन, इस्त्री करून कालच्या गठ्ठ्यात धाडलं की!"

"खळ घातलीत?"

"कडक."

हसावं की रडावं, मावशीला कळेना. तिनं तशीच सुई कोटाशी नेली. टोक भलत्याच धाग्यात शिरलं. तिनं सुई मागे घेतली. मग तिची नजर मालकाच्या बाहीवर गेली. कड पार विसविशीत झालेली.

"हात पुढे करा."

"शर्ट काढून देऊ?"

"नको. गिऱ्हाईक पळेल."

मालकानं टेबलावर हात ठेवला. "टोचेल हो."

"टोचली तर ओरडा. म्हणजे मला कळेल, झोपलाय अजून."

दोन टाके झाले. तिसऱ्याला मालक किंचाळला, "आई गं!"

"झोपलाय."

चौथ्याला नुसतं "स्स" झालं. पाचवा, सहावा, सातवा. आवाज नाही.

"मालक, श्वास घ्या आता."

मग ती कोटाकडे वळली. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले. आधी उभे भरले, मग आडवे, एकाखालून, एकावरून. चहा आला, निवला. तिनं मान वर केली नाही.

दुपारी मालक कोट घेऊन दारातल्या उजेडात उभा राहिला. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, पुन्हा डावी.

"कुठे होतं, मावशी?"

"मी नाही सांगणार."

तेवढ्यात ती बाई आली. मालकाचा गोंधळलेला चेहरा पाहून तिचं धाबं दणाणलं. "काय झालं?"

"थांबा हो जरा, सापडत नाहीये!"

"अगं बाई! कोट हरवला?"

"कोट नाही हो, भोक!"